घरी सोडलेल्या रुग्णाची जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

पक्षाघात झालेल्या किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला रुग्णालयातून घरी सोडले की त्याच्या पुढच्या शुश्रूषेची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आमच्या सांगली जिल्ह्यात कोणालाच सांगता येत नाही. ती ठरवून द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बाळ-बाळंतिणीच्या बाबतीत शासनाने हे करून दाखवले आहे. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात त्यांना घरी पोहोचवण्याची मोफत सोय आहे, आणि रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी येतात. जत तालुक्यातील उमदीच्या आजोबांना मात्र 108 ची गाडी तातडीने दवाखान्यात नेते. मिरजेहून शंभरावर किलोमीटर परत येण्याचे भाडे घरच्यांनी उसनवारी करून भरायचे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, लघवीची नळी स्वच्छ कशी ठेवायची, गिळताना ठसका लागत असेल तर कसे भरवायचे, हे घरच्या माणसाला खाटेशेजारी करून दाखवावे लागते. निघायच्या दिवशी कागदपत्रांच्या धावपळीत ते घाईने सांगितले तर लक्षात राहत नाही. आमच्या शेजारच्या आजींची खुब्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. त्यांना पुन्हा दाखल करावे लागले ते पाठीला झालेल्या जखमांमुळे. त्या जखमा टाळता आल्या असत्या, याचे फार वाईट वाटते.

डॉक्टर व परिचारिकांना मी दोष देत नाही. मिरज आणि सांगलीची शासकीय रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, त्यामुळे रुग्ण गावी परतल्याचे गावच्या केंद्राला बहुधा नातेवाइकांकडूनच कळते.

शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचे पद आहेच. रुग्ण दाखल होताच घरी त्याला कोण सांभाळणार, शौचालय घरात आहे की दूर, वॉकर व औषधे कोठून मिळणार, याची नोंद त्यांच्याकडे सोपवावी, आणि रिक्त पदे त्यासाठी आधी भरावीत. डिस्चार्ज कार्डाची प्रत रुग्ण निघण्यापूर्वी गावच्या आरोग्य केंद्रात पोहोचावी. पहिल्या महिन्यात आशाताई व आरोग्यसेविकेच्या भेटी ठरवून द्याव्यात. आशाताईंना त्याचा स्वतंत्र मोबदला मिळावा, कारण आधीच्याच कामात हे फुकट जोडणे अन्यायाचे होईल.

वैद्यकीय शिक्षण विभागाबरोबर संयुक्त आदेश काढून जत तालुक्यापासून याची सुरुवात करावी, ही नम्र विनंती.

आपला,
जत तालुक्यातील एक नागरिक