वाईच्या तांबटकाकांना, त्या कोऱ्या पुडीबद्दल

ती. स्व. तांबटकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानातून निघताना मला धड बोलता आलं नाही. 'येतो' एवढंच म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. जे तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहितो आहे. तुमचा नातू वाचून दाखवेलच, पण हे पत्र मी मुद्दाम चारचौघांपुढे ठेवतो आहे. जुनी नाणी जमवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनीही ते वाचावं, अशी माझी फार इच्छा आहे.

त्या दिवशी मी तुमच्याकडे आलो तो मामेबहिणीच्या पातेल्याला कल्हई लावून घ्यायला. मी कुठून आलो होतो ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. तोंड उतरलेलं होतं, ते मात्र तुम्ही पाहिलंत. 'बसा की, च्या घ्या' म्हणालात. तर ऐका.

मी शिवराया जमवतो. तुम्हाला शिवराई म्हणजे काय ते मी सांगावं असं नाही, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. महाराजांनी 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक करून घेतला आणि आपल्या नावाचं नाणं पाडलं. सोन्याचा होन आज अगदी मोजका सापडतो, तांब्याची शिवराई मात्र गावोगाव गेली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती बारीक ठिपक्यांचं कडं. भोवतालची बहुतेक नाणी फारसी अक्षरांत असताना हा पैसा देवनागरीत होता. पुढे पेशवाईतला अंकुशी, म्हणजे अंकुशाची खूण असलेला चांदीचा रुपयासुद्धा दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत राहिला. पण बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाच्या हातातल्या तांब्याच्या पैशावर 'श्री राजा शिव' हीच अक्षरं पिढ्यान् पिढ्या राहिली. साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं, तरी शिवराई लोकांच्या कनवटीला होतीच. मी या नाण्याच्या मागे लागलो तो यासाठी. माझ्या दृष्टीने आपल्या मुलखातला सगळ्यात जिव्हाळ्याचा दस्तऐवज कुठल्या दप्तरात नाही, या पैशावर आहे.

एका मोठ्या शहरात नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथल्या एका व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं होतं की जुन्या, वजनदार शिवरायांचा लॉट आला आहे, सगळ्या एकाच घराण्यातल्या, इसार पाठवा म्हणजे बाजूला काढून ठेवतो. इसार पाठवला. रात्रभर गाडीत बसून गेलो. त्याने मखमलीच्या ट्रेमध्ये मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीखाली छापील प्रमाणपत्र. त्यांतल्या दोन मी शेजारी शेजारी धरल्या आणि पोटात खड्डा पडला. दोन्हींवर 'राजा'च्या 'जा'चा काना एकाच जागी तुटलेला, कडेला कपचाही एकाच जागी उडालेला.

शिवराई हाताने ठोकलेली असते. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घण. चकती बहुधा ठशापेक्षा लहान, त्यामुळे कधी 'श्री' चकतीबाहेर जाते, कधी 'पति' अर्धाच उमटतो. एकाच ठशाच्या दोन शिवरायासुद्धा तंतोतंत सारख्या निघत नाहीत. कपचा, चीर, घासलेली कड ही तर ज्या त्या नाण्याने आपल्या आयुष्यात कमावलेली असते. ती दोन नाण्यांवर एकाच जागी आली, तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली आहेत. मग भिंगातून कड पाहिली. साच्याची रेघ कानशीने घासून काढलेली स्पष्ट दिसत होती, आणि अक्षरांच्या आसपास हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे.

मी त्याला हे दाखवलं. तो म्हणाला, 'घ्यायचं तर घ्या, गिऱ्हाईक पुष्कळ आहे.' इसार परत मागितला तर त्याच खोट्यांतली एक माझ्या हातावर ठेवली, 'हिशोब फिटला' म्हणाला. आयोजकांकडे गेलो. त्यांनी कागदावर माझं नाव लिहून घेतलं आणि चहाला निघून गेले. या छंदात नाव असलेले एक गृहस्थ तिथेच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी नाणं हातातही घेतलं नाही. 'प्रमाणपत्र आहे ना? मग झालं तर,' म्हणाले. काका, मला पैसे गेल्याचं दुःख झालं, ते होणारच. पण ज्या नावाने हे नाणं पडलं, ते नाव साच्यात ओतून विकायचं आणि वर त्याचा सही-शिक्का करून द्यायचा, याची चीड अजून जात नाही. राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली तेव्हापासून मला तर जिथे जावं तिथे हे ओतीव शिवरायांचे ट्रे दिसताहेत. शाळेतली पोरं खाऊचे पैसे साठवून ते घेतात.

अशा मनःस्थितीत मी वाईला बहिणीकडे उतरलो होतो.

तुम्ही पातेलं उलटसुलट करून पाहत होतात आणि माझा हात खिशातल्या त्या खोट्या नाण्याशी चाळा करत होता. तुम्ही म्हणालात, 'काय हाय ते? बघू.' मी दिलं. तुम्ही भिंग मागितलं नाहीत. नाणं नखांच्या टोकांवर कडेने धरलंत, दुसऱ्या हाताने हलकी टिचकी मारलीत, कान जवळ नेलात आणि परत दिलंत. 'ही ओतीव हाय. ओताऱ्याचं काम. ह्याला घण लागलेलाच न्हाय.' चहा निवायच्या आत तुम्ही ते सांगून मोकळे झालात, जे त्या सभागृहातल्या एकाही जाणत्या माणसाने तोंडातून काढलं नव्हतं. आयुष्यभर तांबं मठारणाऱ्या माणसाला घणाची खूण कळणार नाही तर कुणाला कळणार!

आणि मग तुम्ही उठून आतल्या फळीवरून तो पत्र्याचा डबा काढलात.

तुमच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की मोडीत 'श्री राजा शिव' आला तर तो मुशीत घालायचा नाही. लोक फुटके हंडे, चेपलेले तांबे, गळकी घंगाळं घेऊन येतात, त्यांच्या तळाशी कधी एखादा काळा पैसा येतो. देव्हाऱ्यातला, जुन्या डब्यातला, आजीच्या बटव्यातला. त्या पैशाचं वजन धरून तुम्ही मोडीचा भाव दिलात आणि तो बाजूला ठेवलात. वडिलांपासून आजपर्यंत. किती जणांनी असे पैसे वितळवले असतील याचा विचार केला की पोटात कालवतं, त्यामुळे तो मी करत नाही.

डब्यात पुड्या होत्या. कॅलेंडरच्या पानांच्या, नीट घड्या घातलेल्या. एकेका पुडीत एकेक शिवराई आणि पुडीवर पेन्सिलीने गावाचं नाव. ओझर्डे. पसरणी. मेणवली. धोम. तारीख वेगळी लिहायची गरज नव्हती, ज्या दिवशी नाणं आलं त्याच सुमाराचं कॅलेंडरचं पान फाडलेलं. एका पुडीवर छापील एकादशी होती आणि तिच्या शेजारी तुमच्या वडिलांच्या मोडी वळणाच्या अक्षरात 'भुईंज'.

काका, माझे हात का थरथरत होते ते तुम्हाला तेव्हा कळलं नसेल. बहुतेक शिवरायांवर ना साल असतं ना टांकसाळीचं नाव. पेशवाईत ठिकठिकाणच्या माणसांना टांकसाळीचे परवाने मिळत, प्रत्येकाचा कारागीर वेगळा, हात वेगळा, म्हणून कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव', कुठे 'पति' तर कुठे 'पती'. कुठली शिवराई कुठे पडली, कोणत्या भागात फिरली, हे कळायला एकच धागा असतो, ती सापडली कुठे. आणि बाजारात सगळ्यात आधी तोच तोडतात. व्यापारी सगळी नाणी एका पिशवीत ओततो, चिंचेने घासून चकचकीत करतो आणि मग 'दुर्मीळ' म्हणून विकतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांवर नाणी. त्यांतल्या बहुतेकांवर, त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला छाप पुन्हा मारलेला होता. ती एका जागी, एकत्र मिळाली म्हणून त्या जयाचा एवढा बोलका पुरावा आपल्या हाती आला. तीच नाणी सराफ्यात सुटी सुटी गेली असती तर? तुमच्या डब्यातल्या पुड्या म्हणजे माझ्यासाठी तेवढ्याच मोलाच्या होत्या. एका तालुक्यातल्या गावांचं नाण्यांचं दप्तर तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी कुणी न सांगता लिहून ठेवलं होतं.

त्यांतच ती निघाली. जाड, वजनाला भरीव, ठिपक्यांचं कडं जवळजवळ पूर्ण, 'श्री'ची वेलांटी डौलात वळलेली, आणि 'शिव'च्या जागी स्वच्छ 'सीव'. काळपट तपकिरी थर जसाच्या तसा. असं अक्षर आणि असा हात माझ्या संग्रहात नव्हता. ज्या कारणासाठी मी रात्रभर प्रवास केला होता, ते मला कल्हईच्या दुकानात मिळालं.

पण या पत्राचं कारण ती शिवराई नाही.

तिची पुडी उंदराने कुरतडली होती. गावाचं नाव जिथे असायला हवं तिथे भोक. तुम्ही नवी पुडी करायला घेतलीत, हात फडक्याला पुसले, भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलंत, पेन्सिल कानावरून काढलीत. आणि थांबलात. नातू म्हणाला, 'लिहा की आजोबा, बावधन. बावधनचीच असणार.' तुम्ही त्याच्याकडे न बघता विचारलंत, 'तू व्हतास का तवा?' थोडा वेळ तसेच बसून राहिलात. ओठ हलत होते, बहुधा जुनी गिऱ्हाइकं आठवत होतात. मग पेन्सिल परत कानावर ठेवलीत आणि पुडी कोरी माझ्या हातात दिलीत. 'नक्की म्हाईत न्हाय. आठवलं तर कळवीन.'

मला त्या क्षणी भरून आलं, ते यामुळे. बावधन लिहून टाकलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? मी तर आनंदाने घेतलं असतं. आदल्याच दिवशी मी छापील प्रमाणपत्रं पाहिली होती, त्यांच्यावर सगळं होतं, काळ, टांकसाळ, वजन, सही, फक्त खरं काही नव्हतं. आणि इथे एक माणूस, ज्याला या नाण्यातून एक पैसा जास्त मिळणार नव्हता, जे ठाऊक नाही ते लिहायला तयार नव्हता. मी इतकी वर्षं या छंदात आहे, पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली. खरेपणा कशाला म्हणतात ते मला त्या कोऱ्या पुडीने दाखवलं. अशी माणसं आपल्याकडे अजून आहेत, गल्लीबोळांतल्या दुकानांत, एसटीच्या स्टँडवर, शाळांच्या कचेऱ्यांत. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. तुमचंही मी छापत नाही, कारण 'नाव-बिव नको' असं तुम्ही बजावलं आहे. पण ही माणसं आहेत म्हणून कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवता येतो, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

पैशांचंही सांगायला हवं. मी बाजारभाव सांगितला, तुम्ही नाणी काट्यावर टाकलीत आणि आजचा मोडीचा भाव लावलात. मी वाद घातला, तुम्ही ऐकलं नाहीत. वर अट घातलीत, पुडी आणि पैसा यांची ताटातूट करायची नाही, आणि विकायचं नाही. काका, दोन्ही अटी मी घरातल्या मंडळींच्या समोर पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवल्या आहेत. प्रत्येक शिवराई तिच्या पुडीसकट वेगळ्या पाकिटात ठेवली आहे. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि गावाचं नाव असं टिपण करतो आहे. ते झालं की नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांना दाखवणार आहे. 'सीव'च्या शिवराईपुढे ठिकाणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. त्या व्यापाऱ्याने दिलेली ओतीव शिवराई मी टाकली नाही. आमच्या भागातल्या शाळेत नाण्यांबद्दल सांगायला जातो तिथे ती नेणार आहे. खरी आणि खोटी शेजारी शेजारी ठेवून, टिचकी कशी मारायची आणि कड कशी पाहायची ते पोरांना तुम्ही दाखवलंत तसंच दाखवीन.

आता एक कामाचं. बहिणीच्या पातेल्याची कल्हई उत्तम झाली आहे, तिने निरोप सांगायला सांगितलं आहे. आमच्या घरी आजीचा एक हंडा आहे, बुडाला दोन जागी गळतो आणि एका बाजूने पार चेपला आहे. इथले लोक मोडीत काढा म्हणतात. दिवाळीच्या आधी तो घेऊन येतो, तुमच्या सवडीने डाग लावून मठारून द्या. मजुरी मात्र या खेपेला मी ठरवणार. येताना एक चांगलं भिंग आणतो, तुम्हाला लागत नाही हे ठाऊक आहे, नातवासाठी. आणि डब्यात राहिलेल्या पुड्यांवरची तुमच्या वडिलांची अक्षरं पुसट होत चालली आहेत. परवानगी असेल तर त्या वहीत उतरवून घेऊ, तुम्ही सांगा, मी लिहितो.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
पातेलं घेऊन आलेला शिवराईवाला