वाकळ कुणी शिवली ते वाकळीवरच लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रांगोळी, रेसिपी, गच्चीवरची बाग सगळ्यावर पत्रं येतात पण सुईदोऱ्यावर फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातला आमचा तळमजला बुडाला होता. पाणी उतरल्यावर खालची लोखंडी पेटी उघडली तर साड्यांच्या घड्यांत चिखल भरलेला, आणि सगळ्यात तळाला एक वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी निघाली, सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळची. सात-आठ पाण्यानं धुतली, गच्चीवर टाकली, तीन दिवस झाले तरी आतून ओलीच, कारण आत जुन्या लुगड्यांचे थर न् थर. वाळल्यावर उन्हात पहिल्यांदाच ती नीट बघितली. धावदोरा चारी कडांकडून मधे मधे येत गेलेला, पण चारी बाजूंचा हात वेगळा. एकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरीचा लांब लांब, बहुतेक घाईत असणार, तिसरीची ओळ मधेच वर चढायची, आणि चौथ्या बाजूला प्रत्येक ओळीची सुरुवातीची गाठ डावीकडे, म्हणजे ती बाई डावखुरी होती. चौघी चार बाजूंना बसून शिवलेली वाकळ. सासूबाईंना विचारलं कुणी शिवली, तर त्या म्हणाल्या, "घरातल्याच बायकांनी की, आणि कुणी?" बास, एवढंच.

ते माझ्या डोक्यातून जाईना.

त्याच पुरात खराब झालेल्या साड्या आमच्या सगळ्याच मैत्रिणींकडे होत्या, नेसायच्या लायकीच्या राहिल्या नव्हत्या पण टाकवतही नव्हत्या. कुणाच्या आईचं इरकल, कुणाच्या लग्नातला शालू, खणाच्या चोळ्या. आमच्यातल्या एकीनं मोबाईलवर क्रेझी क्विल्ट बघितलं आणि म्हणाली हे आपल्याला जमेल. आम्ही सहाजणी आहोत, दोघी मिरजेच्या, एक विट्याची, एक जमखंडीकडून सांगलीत दिलेली, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि मी.

क्रेझी क्विल्ट म्हणजे वाकळीची लांबची बहीण समजा. वाकळ उबेसाठी, आत थर, वर धावदोरा. यात बहुतेक वेळा थर नसतातच, रेशीम, मखमल अशा भारी कापडाचे वेडेवाकडे तुकडे, कुठलाच चौकोन नाही, आणि दोन तुकडे जिथं जुळतात त्या प्रत्येक शिवणीवर भरतकाम. १८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथं जपानी दालनात लोकांनी तडे गेल्यासारखी नक्षी असलेली भांडी बघितली आणि त्यावरून हे सुचलं असं म्हणतात. १८८० नंतर तर तिकडच्या बायकांना त्याचं वेडच लागलं, रेशमाच्या कंपन्या तुकड्यांची पाकिटं विकायला लागल्या. पण मला सगळ्यात आवडलं ते हे की त्या बायका पुष्कळदा कुठल्यातरी तुकड्यावर स्वतःच्या नावाची अक्षरं आणि साल भरायच्या. म्हणून आज सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्यातल्या कितीतरी क्विल्टांबद्दल कुणी केलं, कधी केलं ते सांगता येतं. आणि माझ्या घरात, माझ्या गच्चीवर वाळत पडलेल्या वाकळीबद्दल मला एक नाव सांगता येत नव्हतं.

आमची पद्धत अशी. प्रत्येकीनं बारा इंचाचा मांजरपाटाचा चौकोन घ्यायचा, मधे पाच बाजूंचा एक तुकडा ठेवायचा, त्याच्या एका कडेवर दुसरा तुकडा उलटा ठेवून टीप मारायची, पलटायचा, इस्त्री करायची, जास्तीचं कापायचं, मग पुढची कड, असं फिरत फिरत चौकोन भरायचा. पातळ रेशमाला इस्त्री बेतानं, नाहीतर करपतं. हे झालं की चौकोन आपल्याकडे ठेवायचा नाही, दुसरीला द्यायचा. तिनं एका शिवणीवर आपल्याला येतो तो टाका भरायचा, मग तिसरीकडे, असं करत सहाजणींच्या हातातून तो आपल्या घरी परत येतो. आमचा एकच नियम आहे, दुसरीचा टाका उसवायचा नाही.

पहिल्यांदा देताना जीव खालीवर झाला होता हे खरं सांगते, कारण माझ्या चौकोनात आईच्या चोळीचा खण होता आणि तो एवढाच उरला होता. आणि नेमका काकूंनी त्या खणाच्या कडेला हिरवा पोपट भरला! मला तो अजिबात आवडला नाही, दोन दिवस कात्री हातात घेत होते आणि ठेवत होते. उसवला नाही. नंतर काकू बोलता बोलता म्हणाल्या की माझी आई त्यांच्याकडे आली की गॅलरीत बसून पोपटांचा थवा बघत बसायची, हे मला कधी कळलंच नव्हतं. आता तो चौकोन मी कुणाला देणार नाही.

विट्याच्या मैत्रिणीचा मच्छीकाट्याचा टाका असा की पट्टी धरून काढलाय वाटावं. जमखंडीची मैत्रीण वाकळीला कौदी म्हणते, आणि ती कर्नाटकी कशिदा करते, कापडाचे धागे मोजून, कापडावर काही छापायचं नाही, गाठ मारायची नाही, गावंती आणि मुरगीचे टाके तर पुढून मागून सारखेच दिसतात. तिच्यापाशी बसून दुपारभर शिकले तरी मला जिन्यासारखी एक सरळ नक्षी जमली नाही, अजून शिकतेच आहे. हे यूट्यूबवर मिळतं, पण तिथं तुमचा हात धरून कुणी सांगत नाही की बाई दोरा ओढू नको, कापड आवळतंय.

एक सांगायचं राहिलं, जुनं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून घडी बदलून ठेवत जा आणि चिरलेला भाग चौकोनात घालू नका, वरचं भरतकाम त्याला सावरू शकत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात आम्ही आमचं काम घेऊन गेलो. प्रत्येक चौकोनाच्या मागे सहाजणींची नावं लाल दोऱ्यानं भरलेली होती. तिथं आम्हाला सांगितलं की मागची नावं अस्तर लावून झाका, गिऱ्हाईकाला घरात दुसऱ्यांची नावं नको असतात, आणि वर रेटचं लेबल लावा. आम्ही सगळं गुंडाळून परत आणलं. विकायला माझा विरोध नाही, उन्हाळ्यात दारोदार येऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना तर मजुरी वाढवूनच द्यायला पाहिजे, पाठ मोडते त्यात. पण त्यांनी शिवलेल्या गोधडीवरही त्यांचं नाव का नसावं? शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधच्या संग्रहालयात राजा रवि वर्म्यांचं चित्र बघायला आपण जातो, ते कुणाचं आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. बाईनं महिना महिना बसून केलेलं काम मात्र "घरातलंच" म्हणून सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

तर माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे, घरातल्या प्रत्येक वाकळीला, दुपट्याला, रुमालाला मागून मांजरपाटाची छोटी पट्टी लावा आणि त्यावर शिवणारीचं नाव, गाव, साल आणि आत कुणाची कापडं आहेत ते दोऱ्यानं भरा. पेननं लिहू नका, धुण्यात जातं. उलटी टीप घातली तरी चालते, ती सगळ्यांना येते. आणि संपादक साहेब, तुम्हाला एवढंच, उन्हाळ्यात वाकळी शिवायला काढतात तेव्हा एखाद्या रविवारी वाचकांच्या वाकळींचे फोटो छापा, पण खाली शिवणारीच्या नावासकट.

ज्यांच्याकडे जुनी वाकळ आहे आणि नाव माहीत नाही त्यांनी "कुणी शिवली" असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. मी सासूबाईंना परवा विचारलं, "आपल्यात डावखुरं कोण होतं हो?" तर त्या लगेच म्हणाल्या, "अगं, आक्का की! डाव्या हातानं वाढायची म्हणून सारखी बोलणी खायची." मग आक्कांचं माहेर निघालं, खरं नाव निघालं. ते पट्टीवर भरून झालंय. खाली तीन ओळींची जागा सोडली आहे.

आपली एक नियमित वाचक,
गावभाग, सांगली