कोस्टा रिकातल्या काउईताच्या गाईडदादांना, बाबांकडून आणि माझ्याकडून

प्रिय गाईडदादा,

हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला फोनवर इंग्रजीतून वाचून दाखवीनच, पण मूळ पत्र मराठीत हवं हा बाबांचा हट्ट. त्यांना आता वाचता येत नाही, मीच प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की वाचून दाखवते. "तू त्यांना काय सांगतेस ते मला कळायला नको का?" असं त्यांचं म्हणणं. पत्र सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण नजर अधू झालेल्या आईवडिलांना हॉटेलवर बसवून आपण फिरायला जायचं, असं ठरवणारी मी एकटी नसणार.

मी तसं जवळपास ठरवलंच होतं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गुहागरला आमची माड-पोफळीची वाडी आहे, आयुष्य तिथेच गेलं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. कडेकडेचं थोडं दिसतं, पण समोर बघावं तर तिथेच नेमका धुराचा गोळा. माझा चेहराही त्यांना आवाजावरून कळतो. ह्यूस्टनला आमच्याकडे आले होते, तेव्हा लेकाच्या सुट्टीत आठवडाभर कोस्टा रिकाला जायचं ठरलं. राजधानी सान होसेहून कॅरिबियन किनाऱ्यावरच्या काउईता गावी एका दिवसाची सहल करावी म्हणून मी दोन-तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणच्या माणसाने सरळ सांगितलं, ज्यांना दिसत नाही त्यांचे पैसे कशाला वाया घालवता? मला ते पटलंही होतं, हे आज लिहिताना त्रास होतो.

मग तुमचा नंबर मिळाला. बाबांना किती दिसतं हे तुम्ही विचारलंत ते नंतर. आधी विचारलंत, "ते काम काय करायचे?" मी म्हटलं, नारळाची बाग. तुम्ही म्हणालात, "मग त्यांना आणाच."

पहाटे साडेपाचला निघालो. दोनशेच्या आसपास किलोमीटर आणि चार तासांचा रस्ता, तोही मालवाहू ट्रकांनी भरलेला. बाबांना तुम्ही पुढे, तुमच्या मागच्या सीटवर बसवलंत. सुर्कीचा बोगदा ओलांडून ब्राउलियो कारियोच्या जंगलात शिरलो तेव्हा खिडकी उघडायला लावलीत. आत आलेली ती गार, ओली, कुजक्या पानांच्या वासाची हवा! बाबा म्हणाले, "हा आपला आषाढ." रिओ सुसियोच्या पुलाशी एका बाजूने ज्वालामुखीच्या मातीने पिवळं-तांबडं झालेलं पाणी येतं आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ. ते बाबांना दिसेना. तुम्ही म्हणालात, "पाण्याकडे बघू नका, पाण्याच्या शेजारच्या झाडांकडे बघा." आणि डोळ्याच्या कडेने त्यांना रंगाचा एक पट्टा दिसला! दोन वर्षांत अनेक डॉक्टरांकडे गेलो, पण नजर जरा बाजूला ठेवून बघायची ही युक्ती बाबांना पहिल्यांदा एका गाईडने पुलावर शिकवली. आता ते जेवताना ताटाकडेही तसंच बघतात.

सिकिरेसच्या पुढे दुतर्फा केळीच्या बागा लागल्या, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या. तिथे तुम्ही तुमच्या पणजोबांची गोष्ट काढलीत. सान होसे ते लिमोन ही रेल्वे 1890 मध्ये पुरी झाली. ती बांधायला जमैकाहून जी माणसं आणली त्यांत तुमचे पणजोबा होते. रेल्वेपाठोपाठ केळी आली, कंपनी आली, ही माणसं इथलीच झाली. पण त्यांच्या मुलानातवंडांना या देशाच्या नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळायला 1949 नंतरचा काळ उजाडावा लागला. हे सांगताना तुमचा आवाज जराही चढला नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला विचारलं, "यांच्या आजोबांनी किती वर्षं वाट बघितली म्हणायची?" मला उत्तर देता आलं नाही.

गावाचं नाव ऐकून बाबांना आधी "कविता" वाटलं होतं आणि ते खुशीत होते. खरा अर्थ तुम्ही सांगितलात: मिस्किटो भाषेत "कावी" म्हणजे सांग्रियोचं झाड आणि "ता" म्हणजे जमिनीचं टोक. नुसतं सांगून थांबला नाहीत. केली क्रीक या ओढ्याच्या पुलावरून गावाजवळच्या राष्ट्रीय उद्यानात शिरल्यावर दलदलीच्या कडेच्या एका सांग्रियोपाशी बाबांना नेलंत आणि त्याच्या भिंतीसारख्या उभ्या मुळांवर त्यांचे दोन्ही हात ठेवलेत. खोडाला जखम झाली की रक्तासारखा लाल चीक येतो, आणि स्पॅनिशमध्ये रक्ताला सांग्रे म्हणतात, त्यावरून झाडाचं हे नाव, असं तुम्ही म्हणालात आणि बाबा ताडकन बोलले, "बिवळा! आपल्या बिवळ्यालाही असाच चीक येतो." मी रात्री शोधलं. सांग्रियो आणि आपला बिवळा खरोखरच एकाच कुळातले, रक्तचंदनही त्यातलंच. झाड न बघता त्यांनी ओळखलं होतं.

नंतरचे दोन तास मी विसरणार नाही. वाट सपाट, वाळूची, एका हाताला जंगल आणि दुसऱ्या हाताला समुद्र. बाकीच्या पाच जणांना तुम्ही दुर्बीण लावून द्यायचात आणि ती माणसं बघण्यात गुंतली की बाबांकडे यायचात. काँगो माकडं, म्हणजे मोठ्याने ओरडणारी हाउलर माकडं, ओरडायला लागली तेव्हा तुम्ही त्यांच्या कानाशी हळूच म्हणालात, "हा नर. आता डावीकडचा उत्तर देईल." आणि दिलं. पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांची रांग होती, तिच्या कडेला बाबांना बसवून एका मुंगीने टाकलेला पानाचा तुकडा त्यांच्या बोटांत दिलात. कापलेली कड कात्रीने कापल्यासारखी गोल, साफ. या मुंग्या पान खात नाहीत, त्यावर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात. "म्हणजे शेतीच की," बाबा म्हणाले. डोळ्यांवर पापण्यांसारखे खवले असलेला पिवळाधमक विषारी साप मात्र तुम्ही आम्हाला लांबूनच दाखवलात आणि बाबांचा दंड घट्ट धरून ठेवलात.

आणि स्लॉथ, झाडाला उलटा लटकून राहणारा तो संथ प्राणी. सगळे माना वर करून "तो बघ, तो बघ" करत होते. माझा लेक नाचत होता. बाबा आपले हातातली काठी चाचपत उभे. तुम्ही दुर्बिणीतून मोबाईलवर फोटो काढलात, मोठा करून त्यांच्या डोळ्यांच्या कडेला धरलात. नाही जमलं. तेव्हा तुम्ही त्यांचा उजवा हात हातात घेतलात, तळवा उघडलात आणि बोटाने त्यावर काढायला लागलात. ही फांदी. तिला हा एक हात, नख्या तीन. इथे पोट, वर आभाळाकडे. इथे डोकं, आणि ते असं वळतं, असं, जवळपास पाठीपर्यंत. मग त्यांचंच बोट त्यांच्याच मानेवर नेऊन मणके मोजायला लावलेत. आपल्याला सात असतात, जिराफालाही सातच, पण या तीन बोटांच्या स्लॉथला आठ-नऊ, म्हणून मान इतकी फिरते. त्याच्या केसांत शेवाळ वाढतं, म्हणून तो हिरवट दिसतो. आठवड्यातून एकदा तो झाडावरून खाली उतरतो, तेही शौचाला. बाबा खळखळून हसले. आई गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं.

पोहायला आणि प्रवाळ बघायला आम्ही गेलो नाही, त्याची रुखरुख नाही. पण त्या प्रवाळाची तुम्ही सांगितलेली आठवण बाबा अजून काढतात. 22 एप्रिल 1991. तुम्ही शाळकरी पोर होतात, भूकंप झाला, किनाराच वर उचलला गेला आणि पाण्याखालचे प्रवाळ उघडे पडले. किनाऱ्यावर मेल्या माशांचा वास कितीतरी दिवस होता, म्हणालात. बाबांनी त्यावर कोयनेचा भूकंप सांगितला. 11 डिसेंबर 1967, ते एकवीस वर्षांचे, पहाटे आजीने सगळ्यांना ओढून अंगणात काढलं होतं. तुम्ही दोघं वाळूत पडलेल्या ओंडक्यावर बसून एकमेकांना भूकंप सांगत होतात आणि मी मधे दुभाषी. आपला वेळ बाबांवर जातोय म्हणून सहलीतल्या एकानेही तक्रार केली नाही, उलट तेही ऐकत बसले. त्यांचेही आभार.

तिथेच तुम्ही आजोबांच्या कोकोच्या बागेचं सांगितलंत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोनिलिया बुरशी आली आणि शेंगा झाडावरच सडल्या, गावचं पीकच बसलं. बाबांना याचं भाषांतर लागलं नाही. पोफळीवर कोळेरोग आला की हिरवी सुपारी कशी खाली गळून पडते, ते त्यांनी हातानेच दाखवलं. आणि हेही तुम्ही सांगितलंत की उद्यान झालं तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या. पुढे 1994 मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांचं तिकीट एकदम 15 डॉलरवर नेलं, तेव्हा पाहुणेच येईनासे होतील म्हणून गावाने उद्यानाचं दार ताब्यात घेतलं. त्यातूनच आज गाव आणि सरकार मिळून उद्यान चालवतात, आणि गावाकडच्या दाराशी ज्याला जेवढं जमेल तेवढं तो पेटीत टाकतो. बाबांनी पेटीत नोट टाकताना माझ्याकडून ती किती डॉलरची आहे ते दोनदा विचारून घेतलं. कमी पडायला नको होतं त्यांना.

जेवायला तुमच्या आत्यांच्या घरी नेलंत, हे सहलीच्या कागदावर नव्हतं. अंगणातून खोबऱ्याच्या दुधाचा वास आला आणि बाबांची काठी आपोआप तिकडे वळली. राजमा घातलेला नारळाच्या दुधातला भात, त्यात ओव्याच्या पानासारखा वास येणारी थाईम, आणि वर एक अख्खी पनामेन्यो मिरची, न फोडता. फुटली तर भात कुणालाच खाता येत नाही, आत्या म्हणाल्या. शेजारी तळलेल्या चकत्या होत्या. एक तोंडात टाकून बाबा म्हणाले, "अगं, हे नीरफणसाचे काप!" तेच होते.

मग ती नारळांची गंमत. तुम्ही तीन नारळ आणून बाबांपुढे ठेवलेत. त्यांनी एकेक कानाशी धरून हलवला, बोटाच्या पेराने वाजवला. पहिला शहाळं. तुमच्याकडे त्याला पिपा म्हणतात. तिसरा पक्का नारळ. मधल्यावर ते थांबले, पुन्हा वाजवला, म्हणाले, "अडसर." शहाळ्याचा पुढचा आणि नारळाच्या आधीचा. मलई घट्ट होऊन खोबरं धरायला लागलेलं, पण अजून कोवळं. तुमच्याकडे या अवस्थेला वेगळा शब्द नाही म्हणालात, वही काढलीत आणि बाबांकडून तीनदा म्हणवून घेऊन लिहून ठेवलात. फोडल्यावर तो अडसरच निघाला. त्या वेळी बाबांचा चेहरा तुम्ही पाहिलात ना? दोन वर्षं घरात सगळे त्यांना "बसा, आम्ही करतो" म्हणत होते. मीसुद्धा.

परत आल्यावर माझ्या वाचनात आलं की अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा माड मुळात हिंदी महासागराकडचा. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून तो कॅरिबियनपर्यंत गेला. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हणूनच तो कानाला ओळखीचा वाटला."

संध्याकाळी निघण्याआधी तुम्ही आम्हाला प्लाया नेग्रावर नेलंत आणि बाबांना बूट काढायला लावलेत. सकाळची पांढरी वाळू आणि ही ज्वालामुखीची काळी, तळव्यांना फरक कळतो का, हे तुम्हाला बघायचं होतं. त्यांना कळला. काळी जास्त तापलेली, बारीक, जड. रत्नागिरीला आमच्याकडेही एक पांढरा समुद्र आहे आणि एक काळा, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं, आणि कॉलेजात असताना कुठल्या वाळूवर कबड्डी खेळायचे तेही. तिथेच तुम्ही गाव कसं वसलं ते सांगितलंत. 1914 ते 1917 या काळात देशाचे अध्यक्ष असलेले आल्फ्रेदो गोन्सालेस फ्लोरेस यांची नौका इथल्या खडकांवर अडकली, टोकावर राहणाऱ्या लोकांनी त्यांना वाचवलं, आणि त्याची आठवण ठेवून त्यांनी गावठाणासाठी जमीन दिली. सान होसेला पोहोचेपर्यंत बाबा तेच बोलत होते. आपण काय देणार, जमीन तर नाही.

म्हणून हे पत्र, आणि सोबत एक पार्सल. बाबांना घेऊन मी आता गुहागरला आलेय. शेजारची लहान मुलं आली की त्यांचा तळवा उघडून त्यावर स्लॉथ काढतात, फांदीपासून सुरुवात करून, नख्या तीन. गेल्या आठवड्यात त्यांनी बाजारातून एक विळी आणवली. माझ्या ओळखीचे एक जण पुढच्या महिन्यात सान होसेला येणार आहेत, त्यांच्या सामानात ती येतेय. आत्या खोबरं उभ्याने किसणीवर किसत होत्या, ते बाबांनी आवाजावरून ओळखलं होतं आणि बोटं सोलवटतील म्हणून त्यांना काळजी लागून राहिली होती. आत्यांना सांगा, विळीचा पाट जमिनीवर ठेवायचा, त्यावर एक पाय दुमडून बसायचं आणि नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून पात्याच्या टोकावरच्या दातेरी चंद्रावर फिरवायची. वाटी फिरवायची, दाबायची नाही. पात्याला बाबांनी स्वतः जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलंय, ते सोडताना जपून.

तुमची,
गुहागरच्या वाडीतली लेक
आणि शेजारी बसून ऐकणारे बाबा