वर्गणी समजून दे

निपाणी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, दादाच्या फिल्मला पैसे द्यावेत का, आणि दिले तर परत मिळतील का. त्या वेळी तुझी आत्या शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसतं ‘बघू’ म्हटलं. आता नीट लिहिते.

परत मिळणार नाहीत. पतसंस्थेत आयुष्य गेलं माझं. कुठला पैसा फिरून येतो आणि कुठला थकबाकीत जाऊन बसतो, ते अर्ज बघितल्या बघितल्या कळतं. विडी वळणाऱ्या बायकांवरची पाऊण तासाची डॉक्युमेंटरी, तीही आपल्याकडच्या कानडी हेल असलेल्या मराठीत. तारण नाही, जामीनदार नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडच्या सरकारांची सिनेमाची अनुदानं मुख्यतः थिएटरात लागणाऱ्या मोठ्या कथापटांसाठी. तिथे याचा नंबर कुठून लागणार? तेव्हा उसने म्हणून देऊ नकोस. देतेस तर वर्गणी म्हणून दे. आणि दे, असंच माझं म्हणणं आहे.

वर्गणी आपल्या भागाला नवी नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांत थंडीच्या दिवसांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, ती गावकऱ्यांच्या खिशातून आणि अंगमेहनतीतून. ग्रंथदिंडी निघते, लांबून आलेल्या पाहुण्यांचं भाषण बायका-पोरं मांडवात बसून ऐकतात. बेळगावात शिवजयंतीच्या मिरवणुकीला गल्लोगल्लीची पोरं चित्ररथांवर सजीव देखावे करतात, त्यालाही घराघरातून पैसे जमतात. या पैशाचं काय झालं म्हणून मंडळाच्या दारात कुणी जात नाही. आणि दादाने कॅमेरा भाड्याने घेतला, तर सगळ्या पै-पाहुण्यांना एकदम हिशेब सुचतो! तुझ्या काकांनी तर ‘त्यापेक्षा लग्नाची शूटिंगं घे’ असा सल्लाही देऊन टाकला. (घेतो तो लग्नं. त्यावरच तर आजवर चाललंय.)

कोल्हापूर आपल्यापासून तासाभरावर. तिथे बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा पैसा उभा केला तो तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईने. त्याच कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कर्जात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, शेतकरी झालेले व्ही. शांताराम. देवादिकांच्या चित्रपटांचा तो काळ, आणि हे लोक सावकाराची वही पडद्यावर आणत होते. त्यांच्यामागे पहिल्यांदा कुणीतरी उभं राहिलं होतं, म्हणून ते पुढे तिथवर गेले.

आणि १९७६ चा ‘मंथन’. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत तो झाला. मग तेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला आले. माझ्यातल्या कारकुनाला त्यातलं हे शेवटचंच जास्त आवडतं. दोन रुपये दिलेला माणूस सिनेमा आपला समजतो. म्हणून तू एकटीने मोठी रक्कम देण्यापेक्षा तुझ्या पुण्यातल्या मैत्रिणींकडून, आपल्या गल्लीतल्या नोकरीवाल्या पोरांकडून थोडे थोडे जमव. दहा जणांचे पैसे असले की दहा घरं फिल्म बघायला येतात.

आता आपल्या निपाणीचं सांगते, कारण दादाला जे करायचंय ते आपल्या गावात एकदा झालंय. १९८० साली बेंगळुरात काही बायकांनी मिळून ‘युगांतर’ नावाचा फिल्म गट काढला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव. आणि कॅमेऱ्यावर नवरोज कॉन्ट्रॅक्टर. तंबाखूच्या वखारीतल्या बायका तेव्हा संघटित होत होत्या. या गटाची माणसं चार महिने त्या बायकांत राहिली. त्यांचं ऐकलं, संघटनेच्या गोष्टीत बसली, आणि त्यांनाच बरोबर घेऊन १९८२ मध्ये ‘तंबाकू चाकीला ऊब आली’ ही फिल्म केली. बायकांनी स्वतःचं आयुष्य कॅमेऱ्यापुढे स्वतःच पुन्हा करून दाखवलं.

मी तेव्हा शाळेत होते. तुझी आज्जी वखारीत जायची, हे तुला माहीत आहे. पण ती घरी आल्यावर आम्ही तिच्या जवळ का जात नव्हतो, ते तुला कधी सांगितलेलं नाही. कुटलेल्या, चाळलेल्या तंबाखूची पूड तिच्या लुगड्यात, केसांत इतकी असायची की नुसती शेजारी बसली तरी ठसका लागायचा. आधी परसात अंघोळ, मग आम्ही. हे सगळं कुणी बघण्यासारखं आहे, असं आमच्या मनातसुद्धा येत नसे. ती फिल्म मला कितीतरी वर्षांनी मोबाईलवर बघायला मिळाली. आज्जी त्यात नाही. पण तशीच मान वेळावून बोलणाऱ्या बायका आहेत, आणि त्या चक्क मालकांबद्दल बोलतायत. मी ती पाठोपाठ दोनदा बघितली.

या गटाच्या फिल्म्स आज शाबूत आहेत, कारण बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने त्या जपल्या, डिजिटल केल्या. त्यांचे उपकारच. पण वखारीतल्या बायकांची फिल्म सांभाळायला जर्मनी लागावी, हे मला टोचतं.

म्हणून दादाला काय काय लागेल त्याची चौकशी मी केली. तुम्हाला सगळ्यांना वाटतं पैसे कॅमेऱ्याला लागतात. कॅमेरा आता त्यातल्या त्यात स्वस्त. खरा खर्च आवाजाचा आहे. विड्या वळता वळता बायका खालच्या आवाजात बोलतात, आणि पत्र्याच्या घरात शेजारचा टीव्ही मध्येच घुसतो. दुसरा खर्च सबटायटलचा. इंग्रजी तो करेलच, महोत्सवांना लागतात. कानडी मात्र आधी करायला सांग, आणि तुझे पैसे हवं तर त्यालाच लाव. विडीचं काम काही मराठी बोलणाऱ्या बायकांपुरतं नाही. गोकाक-हुक्केरीकडच्या कानडी बाईला यातलं एक अक्षर चुकता कामा नये.

आणखी एक. इथल्या एका व्यापाऱ्याने त्याला सगळा खर्च देऊ केला होता. अट एवढीच, की विड्या छाटात काढून, म्हणजे खराब म्हणून बाद करून, बायकांची मजुरी कशी कापतात तो भाग नको. पोरगा नाही म्हणून आला. आत्या त्यावरून अजून धुसफुसते आहे, पण मला त्याचा फार अभिमान वाटला. तूसुद्धा पैसे दिलेस म्हणून ‘जरा कमी रडकं कर’, ‘शेवट गोड कर’ असलं काही त्याला सांगू नकोस. वर्गणीदाराने मांडवात बसावं, संहितेत बोट घालू नये.

विचारायचं तर एकच विचार: कच्ची फिल्म त्या बायकांना आधी दाखवणार का? चेहरा दिसला आणि उद्या कंत्राटदाराने पान-तंबाखू देणं बंद केलं, तर चूल त्यांची विझते, दादाची नाही. ज्या बाईला नको असेल तिचा भाग त्याने काढायला हवा. मी त्याला हे बोलले आहे, तूही बोल. बहिणीचं तो ऐकतो.

झाल्यावर काय, याचीही काळजी आतापासून हवी. फिल्म होते, एखाद-दुसऱ्या महोत्सवात जाते आणि लॅपटॉपमध्ये पडून राहते. तिकडे मुंबईत आनंद पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ या डॉक्युमेंटरीला चौदा वर्षं दिली आणि मग ती वस्त्यांमध्ये नेऊन दाखवली. दादाची फिल्म निपाणीत दाखवायला जागा मी बघते. आमच्या पतसंस्थेचा हॉल रविवारी रिकामा असतो, चेअरमनना मी गाठणार आहे. प्रोजेक्टर शाळेतून मिळेल. जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याची फी आणि खेटे तुझ्या हिशेबात धर, तो विसरेल. संमेलनवाल्यांनाही विचारते, कवी संमेलनाच्या आधी पाऊण तास द्या म्हणून. कवी रुसतील, रुसू देत.

आणि दुसऱ्या फिल्मसाठी आतापासून थोडं बाजूला टाकत जा. पहिलीला सगळे देतात, कौतुक असतं. दुसरीला दादा पुन्हा दारात आला की मग नातेवाईक दिवे मालवतात.

बाबांची तब्येत बरी आहे. गोळ्या वेळेवर घेतात असं तेच म्हणतात.

तुझी,
आई

ता. क. पुण्याहून हार्ड डिस्क घेऊन देणार असशील तर एक नको, दोन घे. एक त्याच्याकडे राहील, दुसरी माझ्या कपाटात. त्याच्या खोलीत पावसाळ्यात भिंत पाझरते.