प्राध्यापकी करत निवडणुकीला निघालेल्या लेकीस

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणालीस आणि मामांनी 'शिकलेल्याचं तिथं काय काम' म्हटल्यावर गप्प झालीस. ते मला लागलं. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितोय.

मामांचं ऐकून मला एन. डी. पाटील सर आठवले. सर सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे. अर्थशास्त्रात एम.ए., वर वकिलीची पदवी. साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवलं, 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकणाऱ्या पोरांचे रेक्टर होते. शेकापचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचं काम त्याआधीपासूनचं. पुढं 18 वर्षं विधान परिषदेत, 1985 ला कोल्हापूरचे आमदार. 1978 ला शरद पवारांच्या सरकारात सहकारमंत्री झाले, तेही दोन वर्षं पुरी व्हायच्या आत संपलं. पवार त्यांचे सख्खे मेहुणे, तरी सरांनी आपला छोटा पक्ष सोडला नाही. सत्तेच्या मापानं बघशील तर हाताला फारसं लागणार नाही.

पण मी त्यांना टोलच्या आंदोलनात बघितलंय. कोल्हापुरातल्या आपल्याच रस्त्यांवर 30 वर्षं टोल द्यायचा, असा करार झालेला. सरांनी ऐंशी ओलांडलेली, तरी मोर्च्यात पुढं. त्या दिवसांत करारातली कलमं चौकाचौकात बोलली जायची. माझ्या शेजारी उभा एक रिक्षावाला दुसऱ्याला बोटांवर हिशेब सांगत होता, रस्त्याला खर्च किती आणि वसूल किती होणार. मास्तर पुढारी झाला की लोकांत हे येतं, असं मला तेव्हा वाटलं. 2015 संपता संपता टोल गेला. रायगडात सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची नाही म्हणून शेतकरी उभे राहिले, तिथंही सर होतेच.

तेव्हा उभी राहा. खर्चाची काळजी मला आहे, लपवत नाही; कर्ज काढून मात्र एकही जेवणावळ घालायची नाही. आणि तास सोडू नकोस. आधी जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मिळव. आपल्या गटातल्या शाळांना, प्राथमिक आरोग्य केंद्राला किती धरलंय आणि खर्च किती झालाय, ते खुणा करून वाच. गावात तू त्यावरच बोल. हार-तुरे, फ्लेक्स बाकीचे लावतील.

आई तुझ्या बाजूनं आहे. मामांशी मी बोलतो. दिवाळीच्या सुट्टीत ये, गटातली गावं आपण दोघं फिरून येऊ.

तुझे,
बाबा