किल्ली कुणाकडे आहे?

दांडिया बाजार, वडोदरा

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बिटकॉइन घेतल्याचं सांगितलंस आणि मग सगळं बोलणं त्याच्या किमतीवरच गेलं. मला विचारायचं होतं ते राहून गेलं, म्हणून लिहिते.

सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी 31 ऑक्टोबर 2008 ला बिटकॉइनचा नऊ पानांचा आराखडा मांडला. एकाने दुसऱ्याला थेट पैसे पाठवावेत, मध्ये वित्तसंस्था नको, हे त्यात सुरुवातीलाच आहे. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे या नाण्याच्या हिशेबवहीच्या पहिल्या पानावर, त्याने लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा कोरून ठेवला: बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात असलेल्या अर्थमंत्र्यांचा.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे हे वाचून आत कुठेतरी लागलं. सयाजीराव महाराजांनी आपल्या गावात बँक काढली ती 1908 साली. बरोबर शंभर वर्षांनी कुणी म्हणतो, मधला माणूसच नको! पण त्याची वही मला मनापासून आवडली. आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत कुणी उठायचं नाही, दहा रुपयांचा फरक आला तरी सगळ्या स्लिपा पुन्हा काढायच्या. इथे तीच वही हजारो संगणकांवर आहे. साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं आणि प्रत्येक पानात आधीच्या पानाची खूण असते. जुनी नोंद खोडायची तर पुढची सगळी पानं नव्याने करावी लागतील, तीही बाकी सगळ्यांपेक्षा वेगाने. नाणी 2.1 कोटींच्या वर कधीच नाहीत. हे डोकं असामान्य आहे.

22 मे 2010 ला फ्लोरिडात एकाने 10,000 बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे मागवले. आज तेवढ्या नाण्यांचं मोल केवढं, म्हणून लोक त्याला हळहळतात. मला वाटतं, नाणं खऱ्या अर्थाने पैसा म्हणून चाललं ते त्या दिवशी. पुढे ते साठवायचीच वस्तू झालं. 2014 मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज, म्हणजे नाणी विकत घ्यायचा-विकायचा बाजार, बुडालं. वहीत काही चूक नव्हती, लोकांनी नाणी त्या एक्स्चेंजकडेच ठेवली होती. ज्याला काढून टाकायचं होतं तो मधला माणूस नाव बदलून परत आला होता. 2024 च्या जानेवारीत अमेरिकेत थेट बिटकॉइन बाळगणारे ईटीएफही (शेअर बाजारात विकले जाणारे फंड) आले, म्हणजे आणखी एक मधला.

तुझी नाणीही अ‍ॅपमध्येच आहेत ना? मग किल्ली, म्हणजे नाणी खर्च करायचा गुप्त आकडा, त्या कंपनीकडे आहे आणि तुझ्याकडे फक्त त्यांचा शब्द. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये घे, म्हणजे किल्ली तुझ्याच हातात राहील अशा पाकिटात. आधी थोडीच पाठवून बघ, पत्ता चुकला तर परत मागायला तिथे कुणी मॅनेजर बसलेला नाही. रिकव्हरीचे शब्द, म्हणजे वॉलेट हरवलं तर ते परत उघडणारे शब्द, कागदावर लिही, फोटो काढू नकोस, मलासुद्धा व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस. नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही, हे रिटर्न भरण्याआधी सीएंना विचारून घे.

या महिन्यात हे काम झालं की कळव.

तुझी,
आई