वळिवड्याच्या मुलांची गोष्ट शाळाशाळांत वाचायची आहे : सभासदांना आवाहन

सर्व सभासद, जुने देणगीदार आणि वाचनालयावर प्रेम करणारे,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी कार्यकारिणीची बैठक झाली. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश मुलांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणींचे अभिवाचन यंदाही करायचे, आणि सभागृहात न थांबता शाळांत जाऊन करायचे, असे एकमताने ठरले. तिजोरीत शिल्लक जवळजवळ नाही. म्हणून घाईने हे पत्र.

गेल्या वर्षी जे आले होते त्यांना वेगळे सांगायला नको. १० फेब्रुवारी १९४०. सोव्हिएत रशियाने बळकावलेल्या पूर्व पोलंडमधली हाडे गोठवणारी थंडी, पहाटे दारावर सोव्हिएत शिपाई, सामान बांधायला जेमतेम अर्धा तास. मग गुरांच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास, थेट सायबेरियाकडे. आईने जंगलात लाकडे तोडायची, आणि काम होईल तेवढाच पाव पदरात पडायचा. १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला, रशियाचा पोलंडच्या सरकारशी करार झाला, या लोकांना सोडले. पुढच्या वर्षी क्रास्नोव्होद्स्कहून बोटींत कोंबून कॅस्पियन समुद्र ओलांडत ते इराणच्या पहलवी बंदरात उतरले. किनाऱ्यावरच उवांनी भरलेले कपडे जाळले, पोरांची डोकी भादरली. इतके दिवस उपाशी राहिलेल्या पोटांना चांगले जेवण सोसले नाही, आणि सुटका झाल्यावर माणसे दगावली. या ओळीवर आपल्या वाचक ताईंचा आवाज अडला. नववीच्या पोरांनी सभागृह भरले होते, एकजण हलला नाही.

पुढची गोष्ट आपल्या दारातली. नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी जामनगरजवळ बालाचडीला अशाच पोलिश मुलांना आसरा दिला, आणि १९४३ पासून आपल्या वळिवड्याला सुमारे पाच हजार माणसांची वसाहत उभी राहिली. बहुतेक बायका-मुलेच. शाळा होत्या, चर्च होते, नाटके व्हायची. १९४८ पर्यंत ते गेले, आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहायला आली. आजचे गांधीनगर ते हेच. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथे जातो. पण एकापाठोपाठ दोन देशांची बेघर झालेली लेकरे तिथे निजली, हे आपल्या मुलांना ठाऊक नाही.

हे वाचन तीन वर्षांपूर्वी सुरू झाले ते आपल्या दिवंगत गुरुजींमुळे. सत्तरी उलटल्यावर सायकलवरून गांधीनगरला जायचे, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचे, वहीत टिपून घ्यायचे. त्या वह्या कपाटात जपून ठेवल्या आहेत. लक्ष्मीपुरीतल्या काकूंनी भिशीचे पैसे आले तसे उचलून ध्वनिवर्धक घेऊन दिला. शाहूपुरीच्या सरांनी इंग्रजीतल्या आठवणींचे मराठीकरण एक पैसाही न घेता केले, तेही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तोंडावर असताना, रात्री भिंग घेऊन बसून. गांधीनगरच्या एका कापड व्यापाऱ्यांनी नाव छापायचे नाही या अटीवर तीनही वर्षे पुस्तकांचा खर्च उचलला. त्यांचे वडील बराकीत जन्मलेले. दर वर्षी ते शेवटच्या रांगेत येऊन बसतात आणि कुणाशी न बोलता जातात. महिला मंडळाच्या पोह्यांशिवाय तर आपला एकही कार्यक्रम झालेला नाही.

एक सल मात्र बोलून दाखवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, या आसऱ्याची आठवण म्हणून उभारलेल्या कोल्हापूरच्या स्मारकाला अभिवादन केले, तेव्हा ते फोटो आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरले, छाती भरून आली. नंतरच्या अभिवाचनाला आम्ही हाताने दोनशे निमंत्रणे वाटली. शाळेची मुले सोडली तर मोठी माणसे एकवीस. गुरुजी काही बोलले नाहीत, खुर्च्या आवरू लागले. तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम ठरला.

छावणीत दूध, भाजी पोचवणाऱ्या घरांतली, त्या गोऱ्या पोरांना पाहिलेली माणसे आता पंच्याऐंशी-नव्वदीला टेकली आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, आजोळी असे कुणी असेल तर आजच कळवा, आम्ही घरी येऊ. पैशाआधी ही देणगी हवी आहे.

खर्चाचे : पुस्तिकेच्या ५०० प्रती, २० शाळांना जाण्यायेण्याचे भाडे, ध्वनिवर्धकाची दुरुस्ती मिळून ₹६०,०००, हाती ₹८,५००. आठवणी लिहिणाऱ्यांच्या कुटुंबीयांची परवानगी आली आहे, मजकूर महिनाअखेरीस छापायला द्यायचाच आहे. रोख किंवा वाचनालयाच्या नावे धनादेश ग्रंथपालांकडे, सायं. ५ ते ८, सोमवारी बंद, पावती तिथेच. शंभर रुपयेही चालतील. मोठ्याने, स्वच्छ वाचणारे आठजण हवेत. त्यांत सिंधी बोलणारे कुणी असावे, कारण वहीतली एका सिंधी आजींची आठवण त्यांच्याच भाषेत वाचायची आहे. वाचकांची निवड येत्या रविवारी सकाळी १० वाजता सभागृहात. येताना चष्मा आणा, प्रती बारीक अक्षरात आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
कार्यवाह